कालचा काळोख

पमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रामटेकला माझ्या भावाच्या घरी ओसरीवर नवा तांदूळ पाखडत बसले होते. दोन दिवसांपूर्वी सक्करदऱ्याच्या आमच्या घरून निघताना त्या फाटकापर्यंत आल्या होत्या. "येताना नवा तांदूळ आणजो वं सुनंदा, पण चिकट होणारा नको," एवढंच म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या नणंदेनं भावजयीला सांगितलेलं काम, त्यात विशेष ते काय. मीही "आणते, आणते" म्हणत रिक्षात बसले, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही... फोनवर आमचे हे, म्हणजे पमाताईंचे धाकटे भाऊ, "ताई गेली" म्हणाले. दुपारी जेवून त्या खुर्चीत पेपर वाचायला बसल्या होत्या, पेपर मांडीवरच होता. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी तशीच निघाले. पायाशी तांदळाची पिशवी घेऊन एसटीत बसले आणि त्या सगळ्या वाटेवर मला रडू आलं नाही, स्वतःचा रागच येत राहिला. मला त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. दहा-अकरा वर्षं राहून गेली होती. एकाच घरात तर राहतो, सांगू कधीतरी, असं म्हणत मी ती ढकलत आले होते.

घरी पोचले तेव्हा शेजारच्या काकू दारात कोणाला तरी सांगत होत्या की हवामानवाल्या बाई गेल्या. ताईंना हे नाव मुळीच आवडत नसे. लोक त्यांना फाटकाशी थांबवून विचारत, ताई, परवा घरी लग्न आहे, पाणी येईल का? ताई शांतपणे सांगत की पाण्याचं मला ठाऊक नाही, वर धूळ किती आहे ते हवं तर सांगते. धुळीशी कोणाला काय करायचं असणार, लोक मान हलवून पुढे जात. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या एका कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, छताला सरकती झडप बसवलेल्या एका खोलीत पमाताईंचं यंत्र होतं. लायडार म्हणत त्याला, म्हणजे लेसरचं रडार. पद त्यांचं तांत्रिक सहायक असं होतं. प्राध्यापक आले, संशोधक आले, पदव्या घेऊन परदेशी गेले. यंत्र तिथेच राहिलं आणि पमाताई यंत्रापाशी राहिल्या. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायचं धाडस मी नवी नवरी असताना एकदा केलं होतं. "कामाची वेळ संध्याकाळची असते वं माही, कोणता नवरा चालवून घेईल," म्हणाल्या आणि हसल्या. मी ते खरंच मानलं होतं.

हे लेसरचं प्रकरण आहे तरी काय, ते त्यांनी मला स्वयंपाकघरात समजावलं. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारी बाई, विज्ञानाशी माझं नातं गॅसच्या शेगडीपुरतं. त्या दिवशी मी परातीत पीठ चाळत होते आणि दिवे गेले. ताई बॅटरी घेऊन आल्या आणि तिचा झोत त्यांनी चाळणीच्या वर धरला. उडणारं पीठ त्या झोतात लखलखून दिसायला लागलं. त्या म्हणाल्या, एवढंच आहे आमचं. आम्ही बॅटरी उभी धरतो, वर आभाळाकडे, आणि बॅटरीच्या जागी लेसर लावतो. हवेतली धूळ, धूर, ढग यांच्यावर आपटून त्यातला कणभर उजेड परत खाली येतो. तो किती वेळानं आला यावरून धूळ किती उंचीवर आहे ते कळतं, आणि किती आला यावरून किती आहे ते. वर जावं लागत नाही, फुगा सोडावा लागत नाही, जमिनीवर बसून कोसभर उंचीवरची हवा मोजता येते. मी म्हटलं, मग इथे पिठात उभ्या राहून माझ्या पोळ्या किती होतील तेही मोजा. त्यावर त्यांनी खरोखरच परातीकडे पाहून सांगितलं, बावीस. तेवीस झाल्या. पुढे कित्येक वर्षं त्या मला सांगत राहिल्या की शेवटची तू लहान लाटलीस.

तीच परात पुढे त्यांनी पळवली. ती जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, मोठी, जाड परात माझ्या आईनं मला लग्नात दिलेली. एका वैशाखात वावटळ आली आणि परत येणारा उजेड झेलणाऱ्या यंत्राच्या दुर्बिणीचं झाकण उघड्या झडपेतून जे गेलं ते पुन्हा कोणाला दिसलं नाही. नव्या झाकणासाठी अर्ज करायचा, अर्ज वर जायचा, तो खाली कधी यायचा याचा नेम नाही. ताई घरी आल्या, दोरीनं माझ्या सगळ्या भांड्यांची तोंडं मोजली आणि परात घेऊन गेल्या. मला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला, तोसुद्धा क्षमा मागायला नाही. परातीची आतली बाजू चमकते, उजेड उलटतो, तर तुझ्या शाळेतून फळ्याला लावायचा काळा रंग मिळेल का, असं त्यांना विचारायचं होतं. आता या बाईवर किती वेळ रागावणार? मी शिपायाकडून उरलेला रंग मागून आणला आणि आम्ही दोघींनी गच्चीवर बसून माझ्या आईची परात आतून काळी केली.

या परातीचं काम मोठं होतं. रोज सूर्य बुडाला की मोजणी सुरू करण्याआधी ताई ती दुर्बिणीच्या तोंडावर पालथी घालत आणि दहा मिनिटं तशीच ठेवत. याला त्या 'काळोख घेणं' म्हणत. समोर काहीच नसताना, मिट्ट अंधारातसुद्धा यंत्राला काहीतरी दिसत असतं. तारांची, विजेची, उकाड्याची त्याची स्वतःची कुरकुर चालू असते. ती आधी मोजून ठेवायची, वहीत लिहायची आणि मग आभाळातून जे येईल त्यातून वजा करायची. नाहीतर यंत्राची कुरकुर आभाळाच्या नावावर जाते, असं त्या म्हणत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातही त्या तीच वापरत. मी शाळेतून मुख्याध्यापिकेच्या नावानं खडे फोडत घरी आले की त्या चहा ठेवत आणि म्हणत, आधी तुझं डोकं दुखते ते वजा कर, मग त्या बाईचं किती उरते ते सांग. बहुतेक वेळा थोडंच उरायचं. कधीकधी पुष्कळ उरायचं, मग त्याही माझ्या जोडीनं खडे फोडत.

त्यांच्या निवृत्तीच्या आधीचा हिवाळा होता. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेतले एक शास्त्रज्ञ ताईंच्या नोंदींवर खूश झाले होते. उपग्रहावरूनही असाच लेसर खाली सोडतात म्हणे. तो वरून जे पाहतो आणि ताई खालून जे पाहतात ते जुळतं का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यावर जो लेख निघेल त्यात लेखकांमध्ये ताईंचं नाव घालायचं त्यांनी कबूल केलं होतं. तोवर ताईंचं नाव लेखांच्या अगदी शेवटी, आभारांत यायचं, तेही एकदा चुकीचं छापलेलं. "आता मी आभारातून वर येऊन राहिली," असं त्या आमच्या दूधवाल्यालासुद्धा सांगून मोकळ्या झाल्या. अडचण एकच होती. तो उपग्रह नागपूरच्या अगदी डोक्यावरून क्वचित जायचा आणि त्या हिवाळ्यात तो आला की नेमके ढग असायचे. आता संक्रांतीच्या रात्री तो येणार होता आणि आभाळ स्वच्छ राहील अशी चिन्हं होती.

डिसेंबरअखेर ताई गच्चीवर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर खांद्यापर्यंत. यंत्र सुरू करणं, झडप सरकवणं, परात उचलणं एका हातानं होईना, आणि त्या वेळी कॉलेजात त्यांच्या भरवशाचं कोणी नव्हतं. मग त्यांनी मला शिकवलं. दोन संध्याकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून आल्या, कोणतं बटण आधी, कोणतं नंतर, सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. तिसऱ्या दिवसापासून मी एकटी जायला लागले. यंत्र सुरू करून दिलं की पुढे ते रात्रभर आपलं आपण चालायचं, पहाटे चौकीदार बंद करायचा. मी काळोखाचा आकडा वहीत लिहून वही घरी आणायची. ताई तो तपासायच्या आणि शेवटच्या रकान्यात, घेणाऱ्याचं नाव म्हणून, डाव्या हातानं वेड्यावाकड्या अक्षरात 'सुनंदा' लिहायच्या. मला सांगायला लाज नाही, ते नाव पाहून मला फार बरं वाटायचं.

संक्रांतीला आमच्या घरी सासूबाईंपासून त्याच संध्याकाळी हळदीकुंकू असतं. चाळीसेक बायका येतात. मी सकाळपासून कामानं घामाघूम झाले होते, वाण आणायचं राहिलं होतं, आणि साडेपाचला कॉलेजात पोचले तेव्हाच उशीर झाला होता. यंत्र तापायला वेळ लागला. वर झडपेतून पाहिलं तर आभाळभर पतंग, पतंग कटला की गच्चीगच्चीवर 'ओ पार'चा आरडाओरडा. परात खिळ्यावरून काढून हातात घेतली. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं... घरी बायका जमायला लागल्या असतील, यजमानीण गायब. मी परात परत खिळ्याला लावली, आदल्या दिवशीचा आकडा पाहून वहीत उतरवला, अगदी तोच दिसू नये म्हणून शेवटचा एक अंक बदलला आणि निघाले. आयुष्यभर पोरांना नक्कल केली म्हणून बाकावर उभं करणारी मी. घरी पोचले तर ताई दारात. असल्या गोष्टींचा त्यांना मनस्वी कंटाळा, पण आलेल्या बायकांना बसवून, प्लास्टरचा हात गळ्यात बांधून, डाव्या हातानं तिळाचे लाडू वाटत होत्या. त्या गडबडीत वही तपासायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. रात्र स्वच्छ गेली होती म्हणून ताई मोठ्या हौसेनं माझ्यासोबत कॉलेजात आल्या. संगणकावर आदल्या रात्रीचं चित्र उघडलं. खाली, अगदी जमिनीलगत, बारीक बारीक ठिपके होते. त्या बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. झोतात सापडलेले पतंग होते ते. मीही हसले. मग त्या एकएक फाइल पाहत गेल्या आणि एका जागी अडल्या. यंत्र प्रत्येक मोजणीची फाइल वेळेसकट जपून ठेवतं, काळोखाचीसुद्धा, हे मला ठाऊकच नव्हतं; आदल्या संध्याकाळची काळोखाची फाइल तिथे नव्हती. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "काहून वं, काल घाई झाली होती का?"

"नाही ताई," मी म्हटलं, "सगळं नीट केलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "आजचा नीट पाहून घेजो."

मी झडप उघडायच्या निमित्तानं पाठ फिरवली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, दोन वाक्यांचं काम होतं. त्या दिवसापासून मी आकडा चिठ्ठीवर लिहून आणायची, वहीत ताईच उतरवायच्या; ती वही मी पुन्हा उघडली नाही.

पुढे पंधरा दिवसांनी त्या शास्त्रज्ञांचा फोन आला. ताई बाहेरच्या खोलीत बोलत होत्या, मी आत भाजी चिरत होते. तिकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण ते काय म्हणत असतील ते ताईंच्या बोलण्यावरून कळत होतं. एका दिवसाचा काळोख नसला तर काय झालं, आदल्या दिवशीचा घ्या, एवढा फरक पडत नाही, कोणी विचारणार नाही. ताई "हो सर, हो सर" करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाही सर. कालचा काळोख आजच्याले चालत नाही. आमच्याकडून राहिला तो, तो दिवस सोडून द्या." मग फोन ठेवला, आत आल्या, एका हातानं वांगी पुढे ओढून घेतली आणि बोट कापशील, इतकी जाड का चिरते म्हणून मलाच रागावल्या. पुढे त्या हिवाळ्यात उपग्रह आला तेव्हा पुन्हा ढग होते. लेख निघाला, दुसऱ्याच कुठल्या गावच्या नोंदींवर. मार्चमध्ये ताई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

तेव्हापासून त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक असणार. पण आम्ही दोघी त्या दिवसाच्या आजूबाजूनं जात राहिलो. निवृत्तीनंतरही त्या बिनपगारी जात राहिल्या, बसनं, गुडघे कुरकुरत असताना. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रात्रंदिवस उशाशी बसल्या आणि दर चार तासांनी थेंब घालताना घड्याळाचा सेकंदकाटा पाहत राहिल्या. संक्रांत आली की त्या दिवशी संध्याकाळी मात्र न चुकता घरी थांबायच्या, लाडू वाटायला. मी दर वर्षी ठरवायची, बायका गेल्या की सांगायचं. बायका गेल्या की भांडी असायची. त्या माझ्यावर रागावल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता, तर मी पहिल्याच आठवड्यात बोलून मोकळी झाले असते. पण त्या नेहमीसारख्याच वागत राहिल्या आणि माझी जीभ तिथेच अडकली. साऱ्या शाळेला धाकात ठेवणारी जीभ.

तेरवी झाल्यावर कॉलेजातून फोन आला. आता गच्चीवर एक नवं, पेटीएवढं यंत्र बसलं आहे, ते स्वतःच उघडतं, स्वतःच मोजतं, ती वरची खोली रिकामी करायची आहे, मॅडमचं सामान घेऊन जा. सामान ते काय, एक स्वेटर, रबरी चपला, नोंदींच्या वह्या आणि खिळ्याला लटकलेली माझी परात. तिथल्या तरुण प्राध्यापकांनी ती फेकायची का म्हणून विचारलं. मी ती हातातून सोडली नाही. घरी आणून घासायचा प्रयत्न केला, पण फळ्याचा रंग तो, निघाला नाही. कणीक मळायच्या कामाची ती उरली नव्हती. रामटेकहून आणलेला तांदूळ ज्या डब्यात ओतला होता त्याचं झाकण बसत नव्हतं, त्याच्यावर ती पालथी घातली. बरोबर बसली.

वह्या उघडायला मात्र धीर होत नव्हता. यंदा वर्षाचं दुःख म्हणून घरात सण नव्हता, हळदीकुंकू नव्हतं. संक्रांतीच्या संध्याकाळी बाहेर पतंगांचा गोंगाट चालला होता आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळी बसले होते. तेव्हा त्या हिवाळ्याची वही काढली. ताईंचा एक नियम होता, वहीत खोडरबर चालायचा नाही. चूक झाली तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि दुरुस्ती ज्या दिवशी केली ती तारीख शेजारी टाकायची. त्या संक्रांतीच्या ओळीत माझ्या आकड्यावर एक सरळ रेघ होती. वर डाव्या हातानं लिहिलेलं, 'घेतला नाही'. शेजारी तारीख दुसऱ्याच दिवसाची, पतंग पाहून हसलो त्या दिवसाची. त्या पानावर वरच्या सगळ्या ओळींत शेवटच्या रकान्यात 'सुनंदा' होतं, खालच्या ओळींतही होतं. त्या एका ओळीत रकाना रिकामा होता. पुढेमागे कोणी ही वही उघडली तर चूक कोणाची ते कळू नये, अशी त्यांनी व्यवस्था करून ठेवली होती. उभ्या आयुष्यात एकही रकाना त्यांनी रिकामा सोडला नव्हता, मी सगळ्या वह्या चाळून पाहिल्या.

मग मात्र मी खूप रडले. मला त्यांची फार आठवण येते.

त्या रिकाम्या रकान्यात मी पेनानं माझं नाव लिहिलं आणि शेजारी, त्यांच्या नियमाप्रमाणे, आजची तारीख टाकली. त्या दिवशी दहा मिनिटं वाचवली होती. ती दिवा न लावता, स्वयंपाकघरात त्या पालथ्या परातीसमोर बसून काढली, घड्याळ लावून, पूर्ण दहा. मग उठले, परात उचलली आणि रात्रीच्या भाताला नवा तांदूळ काढला.